उचलण्यापुरतं बळ

९ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. मग तू म्हणतेस एक आणि मी धरून बसतो भलतंच. त्यापेक्षा कागद बरा, दोनदा वाचता येतो.

काम असं आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काचेमागे एक बाटली मांडलीय. हिरवं झाकण, अंगावर जांभळ्या फुलांचं चित्र आणि खाली ‘चरबी घटवा, स्नायू घडवा, शुद्ध वनस्पतीचा अर्क’. तुझी आई मागे म्हणाली होती की तुमच्या प्रयोगशाळेत कुठल्याशा जांभळ्या फुलांच्या झाडाची माणसांवर चाचणी चाललीय. तेच का हे? आणि खरंच काम करतं का?

हसू नकोस. एकोणसत्तराव्या वर्षी मला कुणाला दंड फुगवून दाखवायचे नाहीत. नाटक कंपनीचा समारंभ आहे, जुन्या शिंप्यालाही बोलावलंय. म्हणून माझा निळा कोट काढून घालून पाहिला, तर बाह्यांमध्ये माझे हात लोलकासारखे लोंबतात. चाळीस वर्षं मी काडीपैलवान नटांच्या अंगरख्यांत कापूस भरून राजे उभे केले. छातीला दोन थर, दंडाला तीन. आता स्वतःच्याच कोटात कापूस भरायचा म्हणजे लाज वाटते ग.

मामी बरी आहे. झटक्याला आठ महिने झाले. उजवा हात आणि उजवा पाय अजून झोपलेलेच आहेत, पण बोलणं थोडं थोडं परत येतंय. शब्द येतात, फक्त दुसऱ्याच शब्दांचे कपडे घालून येतात. काल खिडकीकडे बोट करून ‘पाणी’ म्हणाली. पाहिलं तर काचेवरचं ऊन खरंच हलत होतं. हल्ली मला तिचेच शब्द बरोबर वाटायला लागलेत.

उत्तर लवकर लिही.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हो, झाड तेच. पाणथळ जागी वाढतं, फुलं चार दिवस टिकतात आणि मग सगळी एकदम मिटतात. चाचणीही त्याच अर्काची चाललीय. अर्क बाजारात आधीच गेला आणि तो कामाचा आहे का, हे आम्ही आता तपासतोय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बहात्तर माणसं आहेत, सोळा आठवडे चालायचंय. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना हुबेहूब तशाच रंगाची, पण आत नुसतं पीठ भरलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. यादी सीलबंद पाकिटात आहे. आमची व्यायामवाली ताई सगळ्यांकडून सारखाच व्यायाम करून घेते आणि दर महिन्याला मी त्यांना मोजते.

मोजते म्हणजे स्कॅनरखाली झोपवते. खोलीत मंद दिवा असतो, यंत्राची घरघर असते, आणि एक दांडा डोक्याकडून पायांकडे इतक्या सावकाश सरकतो की बहुतेकांचा डोळा लागतो. तेवढ्या वेळात पडद्यावर माणूस उमटत जातो. हाडं पांढरी, स्नायू करडे आणि कडेनं चरबीचं धुकं. मला वाटतं मी माणसं मोजत नाही, कुठल्यातरी बेटांचे नकाशे काढतेय. उठल्यावर काहीजण स्वप्न सांगतात. परवा एक पोस्टमन म्हणाला, तो हवेतून चालत पत्रं वाटत होता आणि थैली काही रिकामी होत नव्हती.

तेव्हा ‘काम करतं का’ याचं उत्तर मेअखेरपर्यंत माझ्याकडे नाही. तुला घ्यायचीच असेल तर घे बापड्या. तुला ना रक्तदाब, ना साखर, ना दुसरी कुठली गोळी. निरोगी माणसाला अपाय होईल असं इतक्यात तरी काही दिसलेलं नाही. पण खरा कापूस भरायचा असेल तर अंडी खा, दूध पी आणि रोज जिना चढ. एका कोटासाठी एवढा आटापिटा म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला. मामीलाच विचार.

तिला माझी पापी दे.

खार


२३ मार्च

प्रिय खारूताई,

तुझ्या पत्राला महिना उलटला, कारण हात कामात होते. बाटली त्याच दिवशी आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक. अंडी खातो, दूध पितो. दोन्ही वेळा मामीला उशीला टेकवून बसवतो आणि खाली जाऊन जिन्याचे चार मजले तीनदा चढतो. येताना दोन्ही हातांत पाण्याचे डबे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काका, पाणी तर नळाला येतंय.” मी म्हटलं, “हो, पण नळ माझ्याकडून काही करून घेत नाही.”

दंड मोजला. सव्वादहा इंच होता, आता साडेदहा. मी आयुष्यभर टेप धरलीय, ती खोटं बोलत नाही.

एक मात्र आहे. माझं डोकं कामातून जायला लागलंय बहुतेक. साठ कॅप्सूलची बाटली, दिवसाला दोन, म्हणजे महिनाभर पुरायला हवी. पंधराव्या दिवशी खडखडाट. दुसरी आणली, तिचंही तेच. म्हणजे मी घेतल्याचं विसरतो आणि परत घेतो. बाटली पहिल्यापासून खिडकीच्या कट्ट्यावर, मामीच्या पलंगालगत, तिच्या गोळ्यांशेजारीच असते. आता तिला सांगितलंय, मी घेतली की नाही यावर तू लक्ष ठेव. तिनं मान डोलावली.

बाकी दिवस कसे जातात सांगू? पहाट सरली की ऊन भिंतीवर येतं, मामीच्या पांघरुणावर उतरतं, दुपारी खुर्चीत बसतं आणि संध्याकाळी उठून जातं. आम्ही दोघं त्याच्याकडे घरातल्या तिसऱ्या माणसासारखं बघतो. आमच्या खिडकीत हल्ली कबुतरंही फार यायला लागलीत. मामी त्यांना ‘पाहुणे’ म्हणते, हा शब्द तिला बरोबर सापडलाय.

परवा झोपेत मी अंगरखा शिवत होतो. कापूस भरता भरता अंगरखा जमिनीवरून उठला आणि छताला जाऊन टेकला. मी दोरा धरून खाली उभा.

तुझा मामा


३१ मार्च

मामा,

तू मला कोटाची थाप मारलीस.

मामीच्या भावाचा आईला फोन आला होता. त्यानं सांगितलं की मामी जानेवारीत न्हाणीघरात पडली. की ती पलंगावरून एकटी उठूच शकत नाही. की तो जूनअखेर येऊन तिला त्याच्या शहरातल्या शुश्रूषागृहात नेणार आहे. आणि मी इथे बसून तुला नाक आणि मोती शिकवत होते.

समारंभ आहे की नाही तेही आता मला ठाऊक नाही. सगळं नीट लिही. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण वाचेन.

खार


७ एप्रिल

खारूताई,

पकडलंस. समारंभ नाही. कोट आहे, पण तो पेटीत आहे आणि तिथेच बरा आहे.

खरं असं आहे. मामीला दिवसातून सहा-सात वेळा उचलावं लागतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत. जानेवारीत एकदा माझे हात मध्येच संपले. हो, संपलेच. दोऱ्याचं रीळ संपतं तसे. ती माझ्या हातांतून सावकाश घसरत खाली बसली आणि तिच्यामागून मीही. लागलं काही नाही. पण मला तिला परत उठवता येईना. शिक्षिकाबाई शाळेतून येईपर्यंत आम्ही तासभर ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो. नळ ठिबकत होता. ती माझ्या खांद्यावर झोपली. खरं सांगायचं तर तो तास वाईट नव्हता. वाईट वाटलं ते नंतर, तिच्या भावाला कळल्यावर.

तो माणूस वाईट नाही. म्हणाला, “तुमचं वय काय, तिचं वजन काय. तिथे उचलायला तरणी माणसं आहेत.” खोटं काय आहे त्यात? पण ते गाव इथून दहा तासांवर. मी रोज सकाळी कुणाला विचारायचं की आज खिडकीला काय म्हणायचं? म्हणून बाटली आणली. जूनपर्यंत हातांत तिला उचलण्यापुरतं बळ आलं, तर त्याला दाखवता येईल.

एक गोष्ट मात्र बोचते. गेल्या महिन्यापासून तिच्या दंडांवर निळे-काळे डाग पडतात. माझ्या बोटांचे ठसे. बळ आलं पण अक्कल आली नाही. मी आता तिला कापडासारखं अलगद धरतो, तरी पडतात. नडगीवरही दोन आहेत, तिथे तर माझा हातही जात नाही. काल तिचे दात घासताना हिरड्यांतून बरंच रक्त आलं. ब्रश मऊ आणतो.

तुझ्या आईला यातलं सगळं सांगू नकोस.

मामा


१३ एप्रिल

प्रिय मामा,

काल तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि लगेच फोन केला. तुला काही ऐकू जाईना आणि तू आपला “ब्रश आणला, ब्रश आणला” म्हणत राहिलास. शेवटी शिक्षिकाबाईंकडे फोन दिलास ते फार बरं केलंस. रात्री त्यांनीच कळवलं की मामीला दाखल केलंय आणि धोका टळलाय. मी शनिवारी येते. दोनच दिवस राहता येईल, पण येते. तोवर तुला काय झालं ते समजायला हवं म्हणून हे लिहितेय.

ते डाग तुझ्या बोटांचे नाहीत. मामी झटक्यापासून रक्त पातळ करायची गोळी घेते. आमच्या अर्कानंही रक्त गोठायला उशीर होतो अशी पहिल्यापासून शंका होती. म्हणून तसली गोळी घेणारा एकही माणूस आम्ही चाचणीत घेतला नाही. आमच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ती ओळ आहे. बहात्तर जणांना मी ती वाचून दाखवली. तुला लिहिताना मात्र फक्त तुझा विचार केला. ती बाटली कुठल्या घरात जातेय याचा केला नाही. ही चूक माझी आहे, ती तू स्वतःकडे घेऊ नकोस.

आता एक विचारते. साठ कॅप्सूल, दिवसाला दोन, आणि पंधरा दिवसांत संपल्या. दोनदा. मामा, तू विसरभोळा नाहीस. तीस वर्षांपूर्वीच्या नटांची मापं तुला तोंडपाठ आहेत. तू दोनच घेत होतास. उरलेल्या दोन कोण घेत होतं?

तिला रागावू नकोस. नुसतं विचार.

खार


२० एप्रिल

खारूताई,

तू येऊन गेलीस आणि घराला घरपण आलं. तुझ्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुझं पत्र तू येण्याच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. मी दवाखान्यात जाताना ते खिशात घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, “या आणखी काही घेतात का?” मी खिशातलं तुझं पत्र काढणार, तेवढ्यात मामी म्हणाली, “हिरवं.” मला वाटलं पडद्याबद्दल बोलतेय. तर डाव्या हातानं हवेत झाकण फिरवून दाखवलं.

बाई गेल्यावर मी शेजारी बसलो. विचारलं, “कधी घेत होतीस?”

“तुम्ही जिना.”

म्हणजे मी जिना चढायला जायचो तेव्हा. झाकण मीच सैल ठेवत असे, घट्ट लावलं की मला ते उघडत नाही म्हणून.

“पण का ग?”

ती बराच वेळ शब्द शोधत होती. मग म्हणाली, “पीस.” थोड्या वेळानं, “तुम्ही उचलता. मी पीस.”

तुला कळलं ना? बाटलीवर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. मी स्नायूंसाठी घेत होतो आणि ती चरबीसाठी. मला जड होऊ नये म्हणून ती हलकी व्हायला निघाली होती. जेवणही निम्मंच जात होतं, उरलेलं कट्ट्यावरून कबुतरांना. सहा किलो उतरलीय. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यात चरबी थोडी, स्नायूच फार गेले. चांगल्या पायातलंही बळ गेलं. म्हणूनच गेल्या महिन्यात मला ती हलकी वाटण्याऐवजी जड वाटत होती. मी समजत होतो माझेच हात कमी पडतायत.

आता आणखी एक कबुली. तो दंडाचा पाव इंच खोटा आहे. टेपखाली मी अंगठा ठेवला होता. टेप खोटं बोलत नाही, टेप धरणारा बोलतो.

काल तिचं पांघरूण सारखं करताना मी तिला म्हटलं, “तू पीस झाली असतीस तर खिडकीतून उडून गेली असतीस. मग मी काय उचललं असतं?” ती हसली. अर्ध्याच ओठांनी हसते ती हल्ली, पण पुरतं.

मामा


१ जून

प्रिय मामा,

परवा पाकीट उघडलं.

ज्यांना अर्क मिळाला त्यांची चरबी पीठ खाणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊशे ग्रॅम जास्त उतरली. तीही अर्काचीच करामत की योगायोग, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. स्नायू दोन्हीकडे सारखेच वाढले, अगदी थोडे, आणि ते व्यायामानं. तो पोस्टमन पीठच खात होता. त्याला कळवल्यावर म्हणाला, “मग त्या पिठाचं नाव सांगा, झोप छान लागायची.”

अहवाल लिहिताना आमचे प्रमुख म्हणाले, रक्त पातळ करायच्या गोळीबद्दलची सूचना शेवटच्या पानावर चालेल, चाचणीत तसं कुणी नव्हतंच. मी म्हटलं, “चाचणीत नव्हतं, घरात असतं.” मग त्यांना एका बाईची गोष्ट सांगितली, नाव न सांगता. सूचना पहिल्या पानावर गेली आणि दुकानदारांनाही वेगळं पत्र गेलं.

आता माझं ऐक. आमच्या व्यायामवाल्या ताईला मी सगळं सांगितलं. तिनं पहिलाच प्रश्न केला, “ते तिला उचलतात कशाला?” ती म्हणाली, उचलायचं नसतं, उठू द्यायचं असतं. माणसाला पुढे वाकवायचं, इतकं की त्याचं नाक त्याच्या पायाच्या बोटांच्या वर यावं. मग निम्मं वजन आपोआप उठतं. मागच्या माणसानं फक्त कमरेचा पट्टा धरायचा. आणि चांगल्या पायाला रोज काम द्यायचं. तिनं पट्ट्याचं चित्र काढून दिलंय, सोबत पाठवतेय. जाड कापड, रुंद पट्टी, मागे दोन मुठी. तुला शिवणाबद्दल मी काय सांगू?

पाचला येते, तीन आठवडे राहीन. मामीला म्हणावं, रोज तिची वाटी मी बघणार आहे. कबुतरांनी दुसरं घर शोधावं.

खार


१४ जुलै

खारे,

डावा हात. पाच दिवस लिहिते आहे. रोज थोडं. चुकलेले शब्द यांनी दाखवले, मी काही तसेच ठेवले.

भाऊ येऊन गेला. तू गेल्यावर चार दिवसांनी. गाडी घेऊन आला होता, गादी घालून. मी पलंगावर बसले होते. हे मागे, पट्टा धरून. सगळा भार डाव्या पायावर, पण भाऊ समोर होता म्हणून उठले. एकदा बसले. परत उठले. मग भाऊ म्हणाला, आणखी सहा महिने बघू. जेवला आणि गाडी रिकामी घेऊन गेला. जाताना यांचा हात धरून दारात बराच वेळ उभा होता.

मी दोन किलो वाढले. हे टेप घेऊन माझा दंड मोजतात. अंगठा काढून.

मला उन्हाळाभर एक वाटायचं ते तुला सांगते. मी रोज थोडी पुसली जातेय. ऊन भिंतीवरून जातं तशी. आणि एक दिवस हे उचलायला येतील तर नुसतं पांघरूण. त्रास नाही कुणाला. ते छान वाटायचं, खारे. भीती वाटायची नाही. तेच वाईट होतं, हे आता कळतं.

आता जड वाटते. पाय जमिनीला लागतो तेव्हा जमीन खालून वर ढकलते. हे मी विसरले होते.

काल सकाळी उठत होते. नाक पुढे, ताई म्हणते तसं. हे मागे होते. उभी राहिले तरी पट्टा ओढल्यासारखा वाटला नाही. मी विचारलं, धरलंत ना? हे म्हणाले, धरलाय, पण ओढायचं विसरलो.

मग आम्ही तसेच उभे राहिलो. मी पुढे, हे मागे. उचलायला काही नव्हतं. हे म्हणाले, आता कुठे जायचं? मला शब्द सापडेना. मग मीच उजवा पाय ओढत चालायला लागले.

मामी